सायीला बारकोड नसतो

२ जून, सकाळ

नवी वही काढली. कारण नवं पर्व सुरू होतंय.

काल लेकीचा, चोल्पोनचा फोन आला. जावयाच्या डोळ्याचं ऑपरेशन अल्माटीला ठरलं. ती सोबत जाणार, आणि लेकाचं ऑपरेशन म्हणून विहीणबाईही जाणार. म्हणजे अल्तिनाय आमच्याकडे! नात साडेसहा वर्षांची झाली, पण अजून एकदाही आमच्याकडे राहायला आलेली नाही. कारण, तिला दूध चालत नाही. दूध, लोणी, दही, वाळवलेल्या दह्याचं कुरुत, आइस्क्रीम, काहीच नाही. चुकून गेलं की अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात. एकदा श्वास कोंडून दवाखान्यात ठेवावी लागली होती. किर्गिझ मुलीला दूध चालत नाही! मला माझ्या सात पिढ्यांची नावं तोंडपाठ आहेत. त्यातल्या एकालाही काही चालत नव्हतं असं ऐकिवात नाही. हे जावयाकडून आलेलं आहे. (वहीत लिहायला हरकत नाही.)

आजवर तिला सांभाळायचा मान तोकमोकच्या विहीणबाईंचा. का, तर म्हणे सोनुनबूबू विहीणबाई प्रत्येक पाकीट वाचतात. बोट फिरवत, शेवटच्या अक्षरापर्यंत. मीही वाचतो. फक्त अक्षरं बारीक असली की मला मथितार्थ पुरतो.

चोल्पोन माझ्या बायकोशी, बुरुलायशी बराच वेळ बोलली. माझ्याशी एकच वाक्य: "बाबा, प्लीज, तुम्ही तिला खायला काही देऊ नका." एवढी मोठी जबाबदारी बापावर टाकायला पोरीला संकोच वाटतोय. गुणी आहे.

संकल्प: विहीणबाईंच्या पुढे जायचं. आधुनिक मार्गाने.

३ जून

फोनमध्ये ॲप घेतलं. 'साक ताबाक', म्हणजे सावध ताट. पाकिटावरच्या बारकोडसमोर फोन धरायचा. दूध नसेल तर पडदा हिरवा. असेल तर लाल, आणि आतली बाई खणखणीत आवाजात "सावधान! दूध!" असं ओरडते. परक्या भाषेतल्या मजकुराचा फोटो काढला तर भाषांतरही करून देते. विहीणबाईंना तुर्की येतं का? नाही येत.

सरावासाठी घरातलं सगळं तपासलं. चहापत्ती हिरवी. मीठ हिरवं. काडेपेटीची नोंद नाही. बुटाचं पॉलिश हिरवं.

बुरुलायने विचारलं, "पोरीला पॉलिश खायला घालणार आहात का?" मी पॉलिश जागेवर ठेवलं. मी शहराच्या उष्णता खात्यात हयात काढली. अख्ख्या वस्तीची गरम पाण्याची लाइन माझ्या एका चावीवर चालायची. यंत्रणा म्हणजे काय ते घरात फक्त मला कळतं.

५ जून

गुलसाराच्या दुकानात गेलो. आमच्या इमारतीतच खाली आहे. अल्तिनाय यायच्या आत दुकानातला सगळा माल तपासून टाकायचा, असा बेत.

अडचण एक. बाहेरून आलेल्या पाकिटांवर माल आणणारे लोक आपली चिठ्ठी चिकटवतात, ती नेमकी घटकांच्या मजकुरावर. चिठ्ठीवर काय लिहिलेलं? 'घटक: पाकिटावर पाहा.' म्हणून मी नखाने चिठ्ठ्या सोलायला सुरुवात केली. गुलसारा गल्ल्यावरून म्हणाली, "तोलोके, घ्यायचंय काही, की नुसतं स्थळ बघायला आलात? माझ्या बिस्किटांचे कपडे कशाला उतरवताय?" रांगेतल्या बायका हसल्या. मी पुढची चिठ्ठी सोलली.

मग सॉसेज. पहिलं: सावधान, दूध. दुसरं: सावधान, दूध. तिसरं, चौथं, सगळी! मांसात दूध! फोनचा आवाज पूर्ण वाढवलेला होता (कमी कसा करतात ते अजून बघायचंय). एका बाईने हातातलं सॉसेज परत ठेवलं. मग दुसरीने ठेवलं. गुलसाराने माझ्या दंडाला धरून मला दारापर्यंत पोहोचवलं. "तोलोके, तुमच्या त्या बाईला घरी ठेवा आणि मग या."

व्यापाऱ्यांचा विरोध अपेक्षितच होता. चौकशी समाधानकारक.

६ जून

घर दूधमुक्त केलं. म्हणजे हुकूम मी दिला, बाकीचं बुरुलायने केलं. दूध, लोणी, चीज शेजारी गेलं. भांडी उकळत्या पाण्यातून काढली. ओटा, फ्रिज, टेबल पुसलं.

'पक्ष्याचं दूध' या मिठाईचा डबा कपाटात होता. ॲप लाल. मी बुरुलायला समजावलं की ॲप नावाला फसलं. पक्ष्याला कुठे दूध असतं? तिने तो डबाही शेजारी देऊन टाकला. माझ्या आवडीची मिठाई होती.

धाकट्या भावाने नारीनहून पाठवलेली कायमाकची बरणी मात्र वाचवली. घट्ट, पिवळसर, चमचा उभा राहील अशी साय. बुरुलाय तीही देऊन टाका म्हणत होती. मी हो म्हटलं आणि इमारतीच्या तळघरात आमच्या बटाट्यांच्या खोलीत नेऊन ठेवली. यात लबाडी नाही. माझं काम पाकीटबंद पदार्थांचं. बरणी घरगुती. तिला बारकोड नाही, म्हणजे ती माझ्या यंत्रणेत येतच नाही. शिवाय तळघर म्हणजे घर नव्हे.

७ जून

अल्तिनाय आली! दात पडलेला. बोलताना शीळ वाजते.

चोल्पोनने औषधांचा डबा दिला. गांधी उठल्या तर कुठलं सिरप किती द्यायचं, श्वास लागला तर लगेच अँब्युलन्स, तिथे कुणाचंही मत विचारायचं नाही. सगळं बुरुलायला सांगत होती. बुरुलायने तीनदा तिच्याकडून वदवून घेतलं आणि मग स्वतः म्हणून दाखवलं. मी मध्येच ॲपचं प्रात्यक्षिक सुरू केलं. चहापत्ती हिरवी करून दाखवली. चोल्पोन म्हणाली, "छान आहे बाबा." मग बुरुलायकडे वळून हळूच, पण मला ऐकू येईल इतपत: "आपा, यांच्यावर लक्ष ठेव."

अल्तिनायवर लक्ष ठेव, असं म्हणायचं असणार. घाईत होती.

गाडीत बसल्यावर पुन्हा उतरली आणि पोरीला घट्ट धरून उभी राहिली. जावई एका डोळ्यावर पट्टी लावून मागे बसलेला, तोही रडवेला. विहीणबाई खिडकीतून म्हणाल्या, "कुदा, अहो व्याही, पाकिटं वाचा हं." मी त्यांना फोन दाखवला. त्यांना काय कळणार.

८ जून

पहिला पूर्ण दिवस. अहवाल:

नाश्ता: उकडलेले बटाटे, अंडं, काकडी. दुपारी: बुरुलायने हाताने ओढलेल्या शेवयांचा लाग्मान. संध्याकाळी: मटण, भात, गाजर. चुकूनही एक पाकीट नाही! मला तपासायला काहीच नाही. बुरुलायच्या स्वयंपाकात बारकोड नसतो ही मोठी त्रुटी आहे. मी तसं म्हटलं तर ती म्हणाली, "अहो, मग बटाटा स्कॅन करा." केला. नोंद नाही.

अल्तिनाय मात्र माझ्यावर खूश. फोन तिला फार आवडला. आम्ही दोघांनी साबण, गालिचा आणि शेजारचं मांजर तपासलं.

सकाळी पाइप बघायला तळघरात जाऊन आलो. खातं सोडलं तरी कर्तव्य सुटत नाही. पाइप ठीक आहेत. कायमाक उत्तम आहे.

९ जून

अल्तिनायच्या कपाळावर लाल ठिपका. सकाळी उठवताना मी पापी घेतली तेव्हा नव्हता. डास असणार. खिडकीला जाळी लावली. तासाभरात ठिपका गेला. जाळीचा परिणाम.

१० जून, दुपारी

ऐतिहासिक दिवस. अखेर पाकीट!

मी स्वतः बाजारात जाऊन तुर्की वेफर आणलं. वर दुधाचं चित्र नाही, गायीचं नाही. बारकोडची नोंद नव्हती, म्हणून मजकुराचा फोटो घेतला. ॲपने भाषांतर दिलं: 'दुधाची कलाकृती असू शकते.'

विचार केला. कलाकृती म्हणजे चित्र, शिल्प वगैरे. म्हणजे पाकिटावर कुठेतरी दुधाचं चित्र असू शकतं. उलटसुलट करून पाहिलं, चित्र नव्हतं. म्हणजे सुरक्षित. मी विजयी मुद्रेने वेफर अल्तिनायपुढे धरलं.

ती म्हणाली, "आपाला विचारलं?" (आईचं ऐकून तीही आजीला आपाच म्हणते.)

आजोबाच्या अधिकाराने मी म्हटलं, "तायाता सांगतोय ना."

"आईने सांगितलंय, आधी आपाला विचारायचं. आपा नसली तर खायचं नाही. तायाता असला तरी नाही."

शेवटचं वाक्य तिने मनाने जोडलं असेल. लहान मुलं रंगवून सांगतात. बुरुलायने पाकीट घेतलं, भाषांतर वाचलं आणि खालच्या मजल्यावरच्या, चोल्पोनच्या मैत्रिणीला फोन लावला. ती पोरगी इस्तंबूलला शिकून आलेली. उत्तर आलं: तुर्कीत त्या शब्दाचे दोन अर्थ. एक कलाकृती, दुसरा अंश. दुधाचा अंश असू शकतो.

बुरुलायने पाकीट माझ्या हातात परत दिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

ॲपच्या कंपनीला कडक शब्दांत कळवायला हवं. माझा निष्कर्ष मात्र ॲपने दिलेल्या माहितीवर पूर्णपणे बरोबर होता.

वेफर मी खाल्लं. पुरावा घरात ठेवणं धोक्याचं.

११ जून

आला-आर्चाला सहल. मनाची मरगळ झटकायला. बुरुलायने डबा भरला. मी वेगळी पिशवी भरली: बिस्किटं, चिप्स, तीळवडी, सगळी न तपासलेली. डोंगरात, झऱ्याकाठी बसून नातीच्या साक्षीने एकेक तपासायचं, असा कार्यक्रम.

वर नेटवर्क नाही. फोन उंच धरून दगडावर चढलो. मग दुसऱ्या दगडावर. एका रेषेसाठी कड्याच्या टोकापर्यंत गेलो. तिथून खाली बघितलं तर दोघी देवदाराखाली बसून बटाटे आणि मटण खात होत्या. अल्तिनाय ओरडली, "तायाता, काय दिसतंय?" मी म्हटलं, शोध चालू आहे. पाय घसरून पँट फाटली. मोठं काही नाही.

पिशवी जशीच्या तशी परत आणली. एका परीने पूर्ण यश: दिवसभरात एकही संशयास्पद पदार्थ मुलीच्या पोटात गेला नाही.

१२ जून

लिहावं की नाही कळत नाही. लिहितो.

सकाळी मी पाइप बघून वर आलो. दार उघडताच अल्तिनाय धावत आली. तिने चित्र काढलं होतं: डोंगर, आणि टोकावर हात वर करून उभा मी, हातात फोन. मी तिला उचललं, गालाच्या दोनतीन पाप्या घेतल्या. तिने खिदळत तोंड फिरवलं, तर एक ओठांच्या कोपऱ्यावर पडली.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "आपा, गाल खाजतोय."

गालावर गांधी. फुगत गेल्या. मग ओठ एका बाजूने सुजला. पोर घाबरली नाही, हे मला सर्वांत भयंकर वाटलं. खुर्चीवर शहाण्यासारखी बसली, हात मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "आता सिरप द्यायचं असतं." बुरुलायने मला सिरपची बाटली उघडायला सांगितली. उघडेना. झाकण खराब होतं. बुरुलायने हिसकावून उघडली, मोजून दिलं आणि अँब्युलन्सला फोन केला. मी सगळी पाकिटं टेबलावर ओतून स्कॅन करत सुटलो. "सावधान! दूध! सावधान! दूध!" बुरुलाय किंचाळली, "ते बंद करा हो!" लग्नानंतर पहिल्यांदा माझ्यावर किंचाळली. बंद कसं करायचं ते सापडेना. मी फोन उशीखाली दाबून त्यावर बसलो.

डॉक्टरीणबाई आल्या. पाठीला नळी लावून कितीतरी वेळ ऐकलं. छाती साफ. ओठ उतरेपर्यंत थांबल्या. सारखं विचारत होत्या, काय खाल्लं? बुरुलाय सांगत होती, बटाटे, अंडं, रोजचंच. डॉक्टरीण म्हणाल्या, "पोटातून गेलेलं दिसत नाही. बाहेरून काहीतरी लागलंय. बघा ना, एकाच गालावर, आणि इथे ओठाशी. कुणी हात लावला? रुमाल, उशी?"

उशीवरून मी लगेच उठलो.

आता झोपली आहे. मी पलंगाशी बसून श्वास ऐकतोय. एकसारखा आहे.

१३ जून

तपास सुरू. संशयित: उशी, डास, साबण, चित्राचे रंग, शेजारचं मांजर. उशा उन्हात टाकल्या. मांजराला घरबंदी.

मग डोक्यात आलं: गुलसारा! परवा संध्याकाळी, सहलीहून आल्यावर, अल्तिनाय तिच्याकडे काडेपेटी आणायला गेली होती. सॉसेज कापणारा हात तिने गालाला लावला असणार. दुकानात गेलो आणि रांगेसमोर स्पष्ट बोललो. गुलसारा आधी लाल झाली, मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तोलोके, पोर आली की मी हात पाठीमागे बांधून उभी राहते. काडेपेटी तिने स्वतः फळीवरून घेतली. बुरुलाय-एजेंनी पहिल्याच दिवशी येऊन सगळं सांगितलं होतं मला. तुम्ही स्कॅन करत फिरलात, पण मला पोरीबद्दल एक शब्द सांगितलात का?"

रांगेतलं कुणी हसलं नाही.

मी म्हटलं, चौकशी चालू आहे. घरी आलो. या बाईने भावनेचा आधार घ्यायला नको होता.

१४ जून

कंपनीला तक्रार पाठवली. त्यांनी लगेच उत्तर दिलं: आमच्यासोबत असल्याबद्दल धन्यवाद, आम्हाला पाच तारे द्या.

दिले. चुकून बोट लागलं.

अल्तिनाय आज माझ्याजवळ येऊन बसत नाही. येते, थांबते, वळते. विचारलं तर म्हणते, "काही नाही." बुरुलाय दिवसभर गप्प. ती मनात काहीतरी जुळवत असली की अशीच गप्प होते. संध्याकाळी पोरीच्या गालाकडे निरखून बघत होती, मग माझ्याकडे. मला वाटलं, तपासाच्या प्रगतीबद्दल विचारेल. नाही विचारलं.

खूप थकवा आलाय. अशा वेळी ताकदीचं खायला हवं. उद्या पाइप बघायला जरा लवकर जाईन.

१५ जून

बरणी मांडीवर होती. चमचा तोंडात होता. पावाचा तुकडा हातात.

दार उघडलं. बुरुलाय. तिच्या मागे अल्तिनाय, बटाट्यांची टोपली घेऊन.

बुरुलायने शांतपणे विचारलं, "पाइप कसे आहेत?"

तोंडात चमचा असताना बोलता येत नाही.

अल्तिनाय टोपली घट्ट धरून दारातच उभी राहिली. माझ्याकडे बघत बोट वर केलं आणि म्हणाली, "आपा, तिथे बघ. मिशीत. पांढरं."

मी हात लावला. होतं. मिशी दाट आहे, माझी मलाच दिसत नाही.

मग सगळं एकदम कळलं. माझ्याशिवाय सगळ्यांना आधीच कळलं होतं की काय, देव जाणे. कपाळावरचा ठिपका. गाल. ओठाचा कोपरा. मी सगळं गाव तपासलं, काडेपेटीपर्यंत. मी म्हटलं, "पण हे पाकीटबंद नव्हतं." वाक्य बाहेर पडल्यावर मलाच ऐकू आलं ते कसं वाटलं.

बुरुलाय म्हणाली, "अहो, तिचा श्वास गेला असता म्हणजे?"

एवढंच. मग तिने बरणी उचलली, जिना चढून गेली आणि कचऱ्याच्या डब्यात ओतलेली मी ऐकली. अल्तिनायने टोपली मला दिली. म्हणजे हातात नाही, जमिनीवर ठेवून मागे सरकली. "तायाता, तू आधी तोंड धू. साबणाने. मग बटाटे भर."

तीनदा धुतलं.

१७ जून

ॲप उघडलेलं नाही. नाश्त्यापूर्वी तोंड, हात, मिशी साबणाने. अल्तिनाय बाथरूमच्या दारात उभी राहून बघते आणि "कानामागे पण" म्हणते. कानामागे कायमाक कसा जाईल? पण धुतो.

आज ती माझ्याशेजारी बसून जेवली. खांदा लागेल इतकी जवळ.

१९ जून

चोल्पोन परतली. जावयाचा डोळा चांगला झालाय.

मी भाषण तयार ठेवलं होतं: सुरुवातीला आधुनिक साधनांच्या मर्यादा, नंतर अनपेक्षित घटक, शेवटी एकूण यश. अल्तिनायने दारातच सांगून टाकलं, "तायाताच्या मिशीत दूध होतं आणि मला गांधी आल्या आणि त्याने उशीखाली फोन कोंडला."

चोल्पोन आधी हसली. खूप हसली, भिंतीला टेकली. मग हसता हसता खाली बसली आणि रडायला लागली. मला वाटलं ओरडेल. ओरडायला हवं होतं. म्हणाली, "बाबा, तुम्हाला माहीत नसतं तेव्हा तुम्ही विचारत का नाही? मी किती वेळा फोन केला. दर वेळी म्हणालात, सगळं नियंत्रणात आहे."

भाषण खिशातच राहिलं.

मी म्हटलं, "मला वाटलं, मी जरा काही विचारलं की तू तिला पुन्हा तोकमोकलाच पाठवशील."

ती डोळे पुसत म्हणाली, "सासूबाई मला दिवसातून चार वेळा फोन करून विचारतात. हे देऊ का, ते देऊ का. वैताग येतो. पण म्हणूनच पाठवते ना."

म्हणजे ते नुसतं पाकीट वाचणं नव्हतं तर.

२० जून

आज निघणार होत्या. पहाटे उठून मिशी काढली. लष्करातून सुटल्यापासून ठेवलेली होती. बुरुलायने चहाचा पियाला हातात धरून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "अगंबाई, तुम्हाला वरचा ओठ आहे."

ठरवलं होतं: निरोपाला, सगळ्यांसमोर, गाल पुढे करायचा. स्वच्छ, गुळगुळीत. ती पापी घेईल. चोल्पोन बघेल. कदाचित शरद ऋतूच्या सुट्टीचं बोलणं तिथेच निघेल.

त्याआधी एक काम उरलं होतं, ते करायला खाली गेलो. गुलसाराची माफी मागितली. रांग होती, म्हणून रांगेसमोरच मागितली. तिने आधी ओळखलंच नाही. मग ओळखलं आणि पोट धरून हसली. स्टूल दिलं, पियाला भरून चहा दिला. माफी मागायला गेलेल्या माणसाला चहा नाही म्हणता येत नाही. प्यालो. छान होता. पाठोपाठ दुसराही प्यालो. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

अल्तिनाय मला बघून थबकली. "तायाता, तुझी दाढ दुखतेय?" मग तिला कळलं, आणि ती दोन्ही हात पसरून धावत आली. सगळे बघत होते. विहीणबाईसुद्धा गाडीतून उतरल्या होत्या.

मी खाली वाकलो. आणि तोंडात चव आली. गुलसाराचा चहा. आमच्याकडे चहा कसा करतात?

"थांब!" मी म्हटलं. "अल्तिनाय, थांब. मी आत्ता दुधाचा चहा पिऊन आलोय."

ती दोन पावलांवर थांबली. हात तसेच पसरलेले. चोल्पोनने माझ्याकडे पाहिलं. मग विहीणबाईंनी पाहिलं. त्यांनी मान हलवली. कशासाठी ते मी विचारलं नाही.

अल्तिनायने हात खाली घेतले आणि शहाण्यासारखं म्हणाली, "बरं केलंस सांगितलंस." आणि तिथूनच हात हलवला. मीही हलवला. गाडी वळेपर्यंत मागच्या काचेतून हलवत होती.

बुरुलायने विचारलं, "मग मिशी कशाला काढलीत?"

मी वरचा ओठ चाचपला. वाऱ्याने ओठ गार पडला होता.